आहे तशा

होमा बेच्या बाजारात, मासळीच्या ओट्यांपलीकडे
माझं दुकान. चार कॉम्प्युटर, त्यातला एक मेलेला,
आणि एक प्रिंटर, ज्याला मी शाई जपून पाजतो.
लोक नुसतं 'सायबर' म्हणतात.
भिंतीवर दर लिहिलेत: टायपिंग पानाला तीस शिलिंग,
वर्डचं पीडीएफ दहा, पीडीएफचं वर्ड दहा.

दहा शिलिंगांत मी पान जागेवर बसवतो, बस.
वर्डची फाइल म्हणजे न बांधलेली होडी,
दुसऱ्याच्या मशीनवर गेली की वाहवते.
मास्तरांचा तक्ता समासाबाहेर लोंबतो,
नोकरी मागणाऱ्या पोराचा फोटो
उडी मारून दुसऱ्या पानावर जातो,
आणि पहिल्या पानावर उरते नुसती चौकट, बिनचेहऱ्याची.
मग मी फाइल वर पाठवतो,
कुठल्या देशात, कुणाच्या खोलीत, देव जाणे.
निळी पट्टी सरकते,
आणि तीच पानं परत येतात, मुकाट, शिस्तीत.

गुरुवारी अपोंदी आली. म्बिटाला शिवणकाम करते.
शनिवारी तिच्या बापाची माती,
म्हाताऱ्या न्यांग्वेसोची. त्याची पुस्तिका छापायची होती:
जन्म, शाळा, बोटी, बायका दोन, मुलं आठ.

"काल रात्री आठ होती," ती म्हणाली. "आज सकाळी सहा."
फाइल सगळ्या भावकीच्या फोनवर फिरते.
ज्याचं बोट रिकामं, तो खोडतो.
गळाले होते सातवा आणि आठवा:
ती, आणि तिचा धाकटा ओडेरो.
कुणी भांडलं नव्हतं. कुणी तोंड उघडलं नव्हतं.
नुसती खालची ओळ वर सरकली होती.

रात्रीची फाइल तिने जपली होती.
"हिला असं कर," ती म्हणाली, "की कुणाचा हात लागणार नाही."

मी उघडली. सातव्या नावामागे
ती उभी रेघ लुकलुकत होती,
दारात थांबलेल्या माणसासारखी, आत येऊ का विचारत.
स्पेलिंग तपासलं. रेडिओ मांडीवर घेतलेल्या
बापाचा फोटो चार बोटं वर घेतला.
सत्तर टक्क्यांवर वीज गेली.
शेजारच्या पिठाच्या गिरणीने जनरेटर लावला,
मी वायर ओढली, पहिल्यापासून सुरुवात.

पडद्यावर तळाशी बारीक अक्षरात आलं:
एका तासाने तुमची फाइल पुसली जाईल.
तिने ओठ हलवत वाचलं. "पुसणार?"
"त्यांच्याकडची," मी म्हणालो. "आपली नाही."

फाइल आली. तिने स्वतः माउस धरला,
आपल्या नावावर नेला, आणि खोडायची कळ दाबली.
एकदा. मग जोरात. मग पाच-सहा वेळा.
नाव ढिम्म.
तेव्हा कुठे ती हसली,
आणि दहाची नाण्यं मोजायला वळली.

मी गप्प. काळ्या दगडावरची रेघ नव्हती ती,
हे मला माहीत होतं. त्याच पानावर, दोन बटणं सोडून,
परतीची वाट आहे. भिंतीवर तिचा दरही आहे.
ती गेल्यावर मी त्या ओळीवर
खताच्या कंपनीचं कॅलेंडर टांगलं.

संध्याकाळी थोरला आला, फोन पुढे करत.
"ही उघडते, पण लिहू देत नाही.
काही होईल का?"

"नेट गेलंय," मी म्हणालो.

त्याने माझ्या खांद्यावरून राउटरकडे पाहिलं.
हिरवा दिवा चालूच होता.
बराच वेळ पाहिलं त्याने. बाहेर कुणीतरी
ओट्यावर पाणी ओतत होतं, खवले वाहून जात होते.
मग खाली बघून म्हणाला,
"दोनशे प्रती काढ. आहे तशा."

चाळिसाव्या प्रतीला अक्षरं फिकट झाली,
यादीच्या पानावरच.
मी खणातली नवी शाई काढली,
आणि फोडली.